शेपटीला पंखा नसलेलं हेलिकॉप्टर

सकाळी गच्चीवर चादर वाळत घातली आणि तिच्यावर एक काळी काडी येऊन पडली. झटकली, तर रेघ उमटली. शिवारात कुठंतरी उसाचं पाचट पेटवलेलं असणार. जळलेल्या पात्यांचे हे तुकडे वाऱ्यावर लांबून येतात आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या कपड्यांच्या दोऱ्यांवर उतरतात. म्हणजे हंगाम सुरू झाला. आता शिवरात्र होऊन जाईपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर वाजणारी गाणी, आणि शहराबाहेर पडलं की गुऱ्हाळांचा गोड, जरासा करपट वास. या दिवसांत मला मात्र आठवतो तो लांबीचा वास. गाडीला पोचा आला की गॅरेजवाले रंगाआधी जो लगदा भरतात, ती लांबी. एक अख्खा हंगाम माझ्या बोटांना तो वास येत होता.

मी शाळेत भूगोल शिकवते. विमानं-हेलिकॉप्टरं हे माझ्या नवऱ्याचं, विनायकचं खातं. तो एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिझाइनचं काम करतो, आणि घरी आला की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून विमानांची छोटी मॉडेलं करायचा. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी यायच्या, चौकटींना नखाएवढे भाग चिकटलेले असायचे. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. खऱ्या विमानापेक्षा बहात्तर पटीनं लहान, पण बाकी तंतोतंत. एखादा रिव्हेट चुकला तरी तो अस्वस्थ व्हायचा. त्या टेबलाला मी फडकं लावायचं नाही, हा आमच्या लग्नातला सगळ्यात जुना करार. आम्ही एका कॉलेजात शिकलो, त्यामुळं घरात एकमेकांना तू म्हणतो. सासऱ्यांसमोर मात्र मी 'अहो' म्हणते आणि तो हसू दाबतो. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर घरात आम्ही दोघं, आणि ते टेबल.

त्या वर्षी दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. विनायक मोटरसायकलवरून घरी येताना, दिवेलागणीला, रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, हाड जुळलंही. पण दंडामागून जाणारी नस दुखावली होती. हात मनगटातून खाली लोंबायचा आणि बोटं सरळ व्हायची नाहीत. मूठ मिटायची, उघडायची नाही.

"नस तुटलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "ती तिच्या गतीनं भरून येईल. किती येईल हे आज मी सांगू शकत नाही. वाट बघायची. व्यायाम सोडायचा नाही."

वाट बघायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. विनायकनं आपल्या परीनं अर्थ लावला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवताना डाव्या हातात चमचा. मी व्यायाम करून घ्यायची, तेव्हा हात माझ्या ताब्यात देऊन तो दुसरीकडे बघत बसायचा, जणू दुरुस्तीला दिलेली वस्तू आहे.

माझे सासरे, आबा, गडमुडशिंगीला राहतात. चार म्हशी, थोडा ऊस. ते दर दोन-चार दिवसांनी दुधाची किटली घेऊन बसनं यायचे, मुलाशेजारी बसायचे आणि म्हशींबद्दल बोलायचे. निघताना एकदा दारात मला म्हणाले, "बोलत न्हाय गं ह्यो. हात ऱ्हाऊ दे, त्वांड तरी चालाय पायजे का नको?"

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. बाहेरून 'टक्' असा आवाज आला. बघितलं तर विनायक टेबलाशी बसलेला. अपघाताआधी त्यानं एक हेलिकॉप्टर निम्मं करून ठेवलं होतं. डाव्या हातात पातं धरून तो त्याची पुढची काच चौकटीतून कापायला गेला होता. पातं सटकलं होतं. काचेला आडवा तडा गेला होता.

"हे टाकून दे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"काच?"

"सगळं. खोकीबिकी सगळं."

मी सगळं गोळा केलं आणि कपाटात, सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. टाकलं नाही, यामागं काही थोर कारण नव्हतं. कचरागाडीला ओला आणि सुका वेगळा द्यावा लागतो, आणि एवढ्या वर्षांचा हा ऐवज सुक्यात द्यायला मला जमेना.

काही दिवसांनी चहा पिताना त्यानं विचारलं, "ते टाकलंस?"

"नाही."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तडा गेलेली काच जोडता येत नाही. दुसऱ्या खोक्यातली कुठली बसते का बघ."

"मी?"

"मग कोण?"

असं ते सुरू झालं. मी खोकी उघडली. शिकाऊ वैमानिकांच्या एका दोन आसनी विमानाची काच त्यातल्या त्यात जवळची होती, पण लांब आणि अरुंद. हेलिकॉप्टरच्या तोंडावर ठेवली तर दोन्ही बाजूंना फट राहिली. विनायक तिच्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता पुन्हा टाकून दे म्हणेल.

"आता ते खोक्यावरचं हेलिकॉप्टर राहिलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे आता ते कुठलंही असू शकतं."

डाव्या हातानं, लहान मुलासारख्या वाकड्या रेघांनी त्यानं मला काढून दाखवलं. साधं हेलिकॉप्टर वरच्या पात्यांवरच उचललं जातं आणि त्याच पात्यांवर पुढं जातं. दोन्ही कामं एकाच्याच अंगावर, त्यामुळं वेगाला मर्यादा येते. मग काही लोकांनी त्याला बाजूला छोटे पंख दिले आणि पुढं ओढायला वेगळे पंखे. त्याला कंपाउंड हेलिकॉप्टर म्हणतात. जगात अशी थोडीच झाली. आपण आपलं करायचं. अंग या खोक्यातलं, काच आणि पंख त्या शिकाऊ विमानाचे, आणि टपाल नेणाऱ्या एका जुन्या विमानाची दोन इंजिनं पंख्यांसकट.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"कुणाला कळणार? असलं हेलिकॉप्टर जगात नाहीच."

काचेच्या फटी भरायला लांबी हवी होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजवाल्याकडे वाटी घेऊन गेले. "वहिनी, गाडी कुठं ठोकली?" त्यानं विचारलं. गाडी नाही, हेलिकॉप्टर, असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण लांबी दिली, वर पॉलिश पेपरचे दोन तुकडे दिले.

मग रोज शाळेतून आल्यावर मी त्या टेबलाशी आणि विनायक शेजारच्या खुर्चीत. नेलकटरनं भाग कापायचे, टाचणीच्या टोकानं डिंक लावायचा, कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून ठेवायचं, वाळलं की पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं. ऐकायला सोपं आहे. पण दुसऱ्याच्या हातातलं कसब आपल्या हातात यायचं तर ते मध्ये शब्दांतून यावं लागतं, आणि विनायककडे त्याचे शब्दच नव्हते. त्याला कधी लागलेच नव्हते. "जरा" एवढा एकच शब्द त्याच्याकडे होता. जरा घास. जरा दाब. जरा वाळू दे.

"जरा म्हणजे किती?" मी विचारायची.

तो आठवून बघायचा. मग म्हणायचा, "बोटाला कड लागायची बंद होईपर्यंत." किंवा, "डिंकाची चकाकी जाईपर्यंत." वीस वर्षं आपण काय करत होतो हे तो पहिल्यांदाच स्वतःला सांगत होता. त्या महिन्यात तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बोलला नसेल. आणि त्यातलं निम्मं घासण्याबद्दल होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. संसारात लोक कशाकशाबद्दल बोलतात, त्यापेक्षा घासणं बरं.

मधेच शेपटीचा पंखा हरवला. तांदळाच्या दाण्याएवढा भाग, माझ्या चिमट्यातून उडाला आणि गेला. आम्ही सतरंजी झटकली, सोफा सरकवला, केरसुणीतल्या काड्या सुट्या करून बघितल्या. मिळाला नाही.

"त्याच्याशिवाय चालत नाही," विनायक म्हणाला. "वरची पाती एका बाजूला फिरली की खालचं अंग उलट्या बाजूला गिरक्या घेतं. शेपटीचा पंखा ते थोपवून धरतो." माझं टेबल असतं तर मी गुपचूप दुसरं काहीतरी चिकटवलं असतं. पण टेबल त्याचं होतं. शेपूट तशीच ठेवून आम्ही पंखांकडे वळलो, आणि तिथं भांडण झालं.

त्याला पंख वर, दाराच्या चौकटीजवळ हवे होते. मला ते खाली, पोटाजवळ बरे दिसत होते. मी खाली लावले.

"वर घे."

"खाली चांगले दिसतात."

"चांगले दिसतात म्हणून लावायचे नसतात. त्याला कारण लागतं."

"तूच म्हणालास ना, असलं हेलिकॉप्टर जगात नाहीच? मग चूक कशी? आणि हे काय उडणार आहे?"

तो उठला आणि गच्चीवर निघून गेला. मी तशीच बसले. उडणार आहे का, हे मी त्या प्लॅस्टिकबद्दल विचारलं होतं, पण घरात त्या दिवसांत कुठलाही प्रश्न एकाच जागी जाऊन लागत होता. तो खाली येईपर्यंत डिंक वाळला. पंख खालीच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले होते. चपला घालताना तो पाठीमागून म्हणाला, "पंख राहू देत खाली. पण इंजिनं मुळाशी नकोत, अगदी टोकाला घे. दोन्ही बाजूंचे पंखे एवढे लांब गेले की एक जास्त आणि एक कमी फिरवून अंगाची गिरकी तिथंच थोपवता येते. मग शेपटीला पंखा लागतच नाही."

"म्हणजे हरवला तो बरा झाला?"

"बरा झाला असं नाही. चाललं."

बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माणूस बहुतेक पहाटेपासून यावर विचार करत असणार, आणि बऱ्याच दिवसांत त्यानं विचार केलेली ही पहिली गोष्ट होती जी त्याच्या हाताबद्दल नव्हती.

संक्रांतीच्या आसपास आबा आले. पिशवीत गूळ, हरभऱ्याचा डहाळा. मी वर्तमानपत्र पसरून इंजिनं चिकटवत होते. ते वाकून बघत राहिले.

"काय करालीस गं?"

"हेलिकॉप्टर, आबा."

"मग ह्येला पंख कशाला?"

विनायकनं पलंगावरून उठून येऊन त्यांना समजावलं. वरच्या पात्यांवरचं ओझं कमी होतं, पुढं ओढायचं काम हे पंखे करतात, वेग वाढतो. आबांनी डहाळ्यातले दोन घाटे सोलून तोंडात टाकले.

"म्हंजे बैलं जुपलेली हाईतच, आणि म्होरनं ट्रॅक्टर बी लावलाय."

"तसंच काहीतरी."

"मग बैलं कशाला ठेवायची?"

"उभ्या उभ्या वर जायला," विनायक म्हणाला. "ट्रॅक्टरला ते जमत नाही."

आबांना ते पटलं. मला वाटतं त्यांना त्यातलं निम्मंच कळलं, पण मुलगा उठून आला आणि सलग बोलला एवढं त्यांना पुरेसं होतं. जाताना दुधाची रिकामी किटली विसरून गेले.

असली मनानं केलेली विमानं बनवणारे लोक त्यांना एक इतिहासही देतात, हे मला तेव्हा कळलं. कुठल्या देशाचं, कशासाठी केलं, कोण चालवायचं. विनायक आधी असल्या गोष्टींना हसायचा. आता त्यानंच सुरू केलं. देश आम्ही ठरवला नाही, भूगोल माझा असल्यामुळं प्रदेश ठरवला: डोंगराळ, भरपूर पाऊस, नद्या एकदम चढणाऱ्या. रस्ते तुटले की गावातली अडलेली बाई, साप चावलेला माणूस, म्हातारी माणसं घेऊन दवाखान्यात जायचं. लांब जायचं म्हणून वेग पाहिजे, आणि शाळेच्या मैदानात उतरायचं म्हणून हेलिकॉप्टर. पंचगंगेचं पाणी ज्यांनी दारात बघितलंय त्यांना असला प्रदेश शोधायला लांब जावं लागत नाही. "आत स्ट्रेचर किती मावतील?" असं तो मला विचारायचा आणि मी गांभीर्यानं दोन म्हणायची. उद्याचं काहीच बोलत नसलेला माणूस एका नसलेल्या यंत्राचं कालचं बोलत होता. मी अडवलं नाही.

रंग सकाळी गच्चीवर द्यायचा ठरला, कारण हवा कोरडी असते. खाली गडद हिरवा, वर पांढरा. हिरवा नीट बसला. पांढरा ओला असतानाच वरून काजळीची काडी आली आणि पाठीवर चिकटली. मी नखानं काढायला गेले तर ती पसरली.

'राहू दे' म्हणून सोडून द्यायची सवय विनायकला नव्हती आणि हात गेल्यानं ती आलीही नव्हती. "पॉलिश पेपर घे," तो म्हणाला. घासलं, पुन्हा रंग दिला. पुन्हा काडी. पुन्हा घासलं. शेवटी ते जुन्या पातेल्याखाली झाकून वाळवलं. आजारपणानं माणूस मऊ होतो म्हणतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही, आणि त्या पातेल्याखालच्या पांढऱ्या पाठीकडे बघून मला वाटलं, नाही झालं तेच ठीक.

हात कधी आला, याचा नेमका क्षण सांगता येत नाही. एका दुपारी मी वरची पाती बसवत होते आणि तो म्हणाला, "इकडे बघ." त्यानं कोपर मांडीवर टेकवलं होतं. लोंबणारा पंजा वर आला. किती, तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. "परत कर," मी म्हटलं. झालं नाही. मी पाती बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा आला, मग रोज येत गेला. होळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी थंडावली तेव्हा मनगट उभं राहत होतं आणि बोटं बरीचशी उघडत होती. अंगठा मागे राहिला. नंतरच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता आलं तेवढं आलं. विनायक गाडी चालवतो, पेला धरतो, फौंड्रीत माउस डाव्या हातानं फिरवतो. बारीक ब्रश त्याला धरता येत नाही. चिमटाही नाही.

त्यानंतर तो त्या टेबलाशी बसला नाही. मी एकदा विचारलं, उरलेल्या खोक्यांचं काय करायचं. "तू कर की," तो म्हणाला. आवाजात कडवटपणा शोधला, सापडला नाही. असला तर त्यानं तो नीट घासला होता. मी तेव्हापासून दोन विमानं केली. विमान पूर्ण झालं की तो येतो, भिंग घेऊन बघतो आणि चुका सांगतो. चुका असतात.

ते हेलिकॉप्टर आबा घेऊन गेले. मागितलं नाही; एकदा आले आणि जाताना जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं. गडमुडशिंगीच्या घरात, टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात, दूध संस्थेनं दिलेल्या ढालीजवळ ते ठेवलंय. गेल्या उन्हाळ्यात चुलत नणंदेच्या सोयरिकीसाठी गडहिंग्लजहून पाहुणे आले होते, तेव्हा आम्हीही तिथं होतो. बोलणी चांगली चालली होती. मुलाचे मामा चहाची वाट बघत कपाटासमोर उभे राहिले. गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले, त्यामुळं बघणं जरा बारकाईचं.

"हे कुठल्या देशाचं म्हणायचं?" त्यांनी विचारलं. "शेपटीला पंखा न्हाय ह्येला."

"आमच्यातलंच हाय," आबा म्हणाले. "कुठल्या देशाचं न्हाय. आमच्या सुनंनं केलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मामांनी कपाटाच्या काचेला नाक लावून पाठीचा पांढरा रंग बघितला, पंखांचे जोड बघितले.

"एकटीनं?"

"अं, नाही," मी म्हटलं आणि विनायककडे बघितलं.

मामा त्याच्याकडे वळले. "मग तुम्ही काय केलं, पावणं?"

विनायकनं ट्रेमधला कप उचलला होता. घरी तो माझ्याशी शहरी बोलतो, पण त्या घरात त्याची भाषा आपोआप बदलते.

"मी शेजारी बसलतो," तो म्हणाला.

मामांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली.

"ते बी लागतंय की," ते म्हणाले.